हनोईत उचललेला हात

प्रिय योगिनी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच चुलीत घातलंस, तर तो तुझा हक्क आहे. उघडलंस असं धरून लिहिते. मी व्हिएतनामात आहे, हनोई नावाच्या शहरात, एकटी. रिसोडच्या शाळेत तीस वर्षं पोरांना जगाचे नकाशे दाखवणारी तुझी सासू नागपूरच्या पुढे कधी एकटी गेली नव्हती. मैत्रिणींसोबत सहलीला जाते, असं माझ्या लेकाला, ऋषीला, सांगितलं. सोबत कुणीच नव्हतं. तू केनवडला माहेरी गेल्यापासून मला त्या घरात राहवत नव्हतं, एवढंच खरं.

परवा दुपारी उतरले. जुन्या शहरातल्या गल्ल्या अरुंद आणि त्यांत स्कूटरींचा नुसता लोंढा. फुटपाथावर प्लॅस्टिकची बुटकी स्टुलं टाकून माणसं वाफाळत्या शेवया ओरपत होती, बाया सायकलींवर फुलांचे ढीग लादून चालल्या होत्या. आपल्या बाजाराच्या दिवशीही इतका गलका नसतो. रस्ता ओलांडायला मी किती तरी वेळ उभी होते. शेवटी एका म्हातारीनं दंडाला धरून पलीकडे नेलं आणि हसली. मलाही हसू आलं. त्या घटकेला वाटलं, इथं मला कुणी ओळखत नाही, म्हणजे मी काही केलेलंच नाही.

हॉटेल दोन गल्ल्या पुढे होतं. तिथं पोचायच्या आतच एका माणसानं स्कूटरवरच्या बाईला केसांना धरून खाली ओढलं. तुझ्याच वयाची असेल. डोक्यातलं हेल्मेट काढून तो तेच तिच्या डोक्यात घालू लागला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. ती हात आडवे धरत होती आणि हेल्मेट बोटांवर बसत होतं. स्टुलांवरची माणसं उठली, पण मी त्यांच्या आधी पोचले. हातात पाण्यानं भरलेली स्टीलची बाटली होती. “सोड तिले! मरून जाईन ते!” असं मी आपल्या बोलीत ओरडले आणि बाटली त्याच्या कानावर हाणली. तो वळला तशी दुसरी नाकावर. हाड मोडल्याचं मला हाताला कळलं. त्यानं कोपरानं माझं तोंड फोडलं, मी पडले. तोवर दुकानदारांनी त्याला पालथा पाडून दाबून धरला होता. मी उठले आणि पुन्हा मारलं. तो हलूही शकत नव्हता, तरी मारलं. शेवया विकणाऱ्या बाईनं बाटली हिसकावली तेव्हा थांबले. ती पोरगी कडेला बसून रक्त थुंकत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, तेही भीतीनंच.

चौकीत पोलिसानं फोनमध्ये बोलून तो माझ्यापुढे धरला. फोन हिंदीत म्हणाला, ये औरत आपकी कौन लगती है? माझ्या तोंडून निघालं, “बहू.” भाषांतर चुकलं असेल असं वाटून त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. शेवटी दुकानदारांनी माझ्या बाजूनं सांगितल्यावर, ओठाला तीन टाके घालवून त्यांनी मला सोडलं.

मार्गशीर्षातला तो गुरुवार तू विसरली नसशील. मी स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत होते. वाशीमच्या दवाखान्यातली नोकरी धरते, एवढंच तू बोललीस. “मले न इचारता?” असं ऋषी म्हणाला आणि मोरीतली कपडे धुवायची मोगरी त्यानं उचलली. पहिला घाव पाठीत बसला तो मी दारातून पाहिला. तू स्वयंपाकघराकडे धावलीस, तोवर दार बंद झालं होतं. “आई, दार उघडा!” तू दोन्ही हातांनी दार बडवत होतीस. मग एकाच हातानं बडवू लागलीस. मग बडवणं थांबलं आणि फक्त मोगरीचा आवाज येत राहिला. मी बाहेर आले तेव्हा तुझं मनगट उलटं वळलेलं होतं, कानातून रक्त येत होतं. ऋषी घाम पुसत म्हणाला, “आई, पायऱ्यावरून पडली म्हन.” मी पोलिसांना तसंच सांगितलं. तुला सांगितलं की दार अडकलं होतं.

दार अडकलं नव्हतं. कडी मी आतून लावली होती. मध्ये पडायलाच उठले होते गं, दारापर्यंत आलेही, आणि बाहेर यायच्या ऐवजी दार लोटून कडी सरकवली. मार आत येईल, याची भीती वाटली. तुझ्या सासऱ्यांचा मार मी एकोणीस वर्षं खाल्ला होता. मला पुन्हा नको होता. म्हणून तो तुला खाऊ दिला. हे पत्र तुझ्या वकिलांना दे. पुढच्या महिन्यात सोळा तारखेला तुझ्या केसची सुनावणी आहे, तेव्हा मी वाशीमच्या कोर्टात उभी राहून पोलिसांना दिलेला जबाब खोटा होता असं सांगणार आहे, कडीसकट सगळं. ऋषीला आज सकाळी फोनवर कळवलं. “मेली तू माह्यासाठी,” म्हणाला. वाशीमला एखादी खोली पाहीन. माफी मागत नाही. तू कोर्टात माझ्याकडे पाठ करून बसलीस तरी मी बोलेन. आई हा शब्द लिहायला हात धजत नाही, म्हणून नावानंच सही करते.

तुझीच,
भागिरथा शालिग्राम अवचार