कूलर मीच लावणार

शुक्रवार, २१ मार्च

आज कंपनीत ट्रेनिंग. दिवसभर. विषय: ग्रोथ माइंडसेट. ट्रेनर वेदिका मॅडम, वय माझ्यापेक्षा निम्मं. मी झोपायच्या तयारीनं मागच्या रांगेत बसलो होतो. पण मॅडम म्हणाल्या की माणसाची अक्कल ठरलेली नसते, ती वाढवता येते. ताठ बसलो. सत्तेचाळीस वर्षांत मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. उलटच सांगितलं होतं.

'मला जमत नाही' असं म्हणायचं नाही. 'मला अजून जमत नाही' असं म्हणायचं. मॅडमनी प्रत्येकाला काय जमत नाही ते कागदावर लिहायला लावलं. शेजारच्यानं लिहिलं, इंग्लिश. मी लिहिलं, हातानं करायचं कोणतंही काम. मॅडमनी माझाच कागद वाचून दाखवला. सगळे हसले. हसू देत. फिक्स्ड माइंडसेट, दुसरं काय.

उद्यापासून नवा सुशील.

शनिवार, २२ मार्च

सकाळी घरात घोषणा केली. दिपालीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि बाथरूमचा नळ दिवाळीपासून गळतोय याची आठवण दिली. मी म्हटलं, तो अजून दुरुस्त झालेला नाही. ती आत निघून गेली. मिनल (अकरावी) म्हणाली, पप्पा, हे आम्हाला सातवीतच शिकवलं होतं. मुलं सगळं शिकतात, आचरणात काही आणत नाहीत.

नळ हे फार छोटं गोल, म्हणजे ध्येय, आहे. मोठं गोल ठरवलं. एप्रिलमध्ये बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. नंतर महिना-दीड महिना ते आमच्याकडे, शहरात बेसाला राहणार. रोज फिजिओथेरपिस्ट घरी येणार. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, व्यायाम बुडाला तर गुडघा धरेल, मग काठी कायमची. गावात फिजिओथेरपी नाही. आणि बाबा फोनवर म्हणाले, तुमच्या घरात लय उकडते गा. पाहतो चार दिवस, नाही जमलं त गावाले चाललो.

म्हणजे खालची खोली थंड पाहिजे. एसी त्यांना चालत नाही, सांधे दुखतात. कूलरच पाहिजे. दरवर्षी कूलर लावायला अश्विन मेकॅनिक येतो. यंदा अश्विन नाही. यंदा मी.

खरं कारण इथंच लिहून ठेवतो, कोणाला सांगणार नाही. लहानपणापासून मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला की बाबा म्हणायचे, राहू दे गा, तुह्यानं नाही होत. रागावून नाही, प्रेमानंच. प्रेमानं म्हणायचे म्हणून जास्त लागायचं. त्यांनी मी लावलेल्या कूलरसमोर झोपावं आणि एकदा तरी काही बोलावं. बस्.

रविवार, ३० मार्च

गुढी उभारली आणि शुभमुहूर्तावर कूलर गच्चीवरून खाली आणला. म्हणजे बाजूच्या प्रशिक मेश्रामांनी आणला. मी वरून सूचना दिल्या. लीडरशिप हाही ग्रोथचाच भाग आहे.

टाकीच्या बुडाला गंजून भोक पडलेलं. एम-सील लावलं, पाणी भरलं. पाणी खोलीतून हॉलमध्ये, हॉलमधून पुरणपोळीच्या ताटापर्यंत. दिपाली म्हणाली, अहो, अश्विनला फोन करा ना. मी म्हटलं, हे फेल्युअर नाही, फीडबॅक आहे. ती म्हणाली, मग तुमचा फीडबॅक पुसून घ्या.

लर्निंग: एम-सील आधी वाळू द्यावं.

शनिवार, ५ एप्रिल

टाकी गळत नाही! (फारशी.) कूलर खिडकीत बसवला, तोंड खोलीत, पाठ मेश्रामांच्या अंगणाकडे. खाली तसराळं ठेवलं आहे.

तिन्ही बाजूंना वाळ्याचं नवीन गवत भरलं. मापाचं मिळालं नाही म्हणून मोठं आणून कापलं. आता गवत सोफ्यावर, देवघरात, मिनलच्या केमिस्ट्रीच्या पुस्तकात. पण खोलीत वाळ्याचा वास असा काही दरवळतोय की अर्धी गरमी वासानंच कमी व्हावी.

मोटर घरघर करते. उघडून तेल द्यायला पाहिजे. मिनल म्हणाली, पप्पा, वायर काढायच्या आधी फोटो काढून ठेवा. मी काढला नाही. मेंदूला ताण दिला तरच तो वाढतो, हे मॅडमनी स्लाइडवर दाखवलं होतं. वायरी तशाही धुळीनं सगळ्या एकाच रंगाच्या झालेल्या. कोणती कुठं होती ते नीट पाहिलं आणि लक्षात ठेवलं.

रविवार, १३ एप्रिल

ऑपरेशन छान झालं. काल बाबा घरी आले. बाहेर त्रेचाळीस. मोटर अजून टेबलावर. टेबलफॅन लावून दिला, तो गरम हवा फक्त इकडून तिकडे फिरवतो. दिपाली दर तासाला ओला पंचा बदलते. बाबा पलंगावर बनियन काढून बसलेले. संध्याकाळी बोलले: अश्विनले बोलाव. नाही त मले गुरुवारी गाडीत बसवून दे.

उद्या सुट्टी आहे. उद्या काहीही करून.

सोमवार, १४ एप्रिल

आजचा दिवस मी विसरणार नाही.

मेश्रामांकडे पहाटेपासून जयंतीची लगबग, पांढरे कपडे, गाणी. प्रशिकभाऊंच्या बायकोनं, नंदिनीताईंनी, सगळ्यांसाठी खीर आणून दिली. त्या उत्साहात मोटर बसवली. वायरींच्या बाबतीत किंचित घोटाळा झाला. कंडेन्सरच्या दोन वायरींपैकी कोणती कुठं ते आठवेना. मग आतला आवाज ऐकला आणि जोडल्या. बटण दाबलं.

चालू झाला! विमान निघाल्यासारखा आवाज. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. बाबांनी विचारलं, चालू झाला काय? मी म्हटलं, हो बाबा, मीच लावला. बाबा म्हणाले, बरं.

बरं! सत्तेचाळीस वर्षांतलं पहिलं बरं. रात्री जेवलोच नाही, पोट भरलं होतं. (खीरही बरीच झाली होती.)

बुधवार, १६ एप्रिल

दिपालीची तक्रार: आवाज येतो, हवा येत नाही. मी म्हटलं, नवीन गवत आहे, बसायला वेळ लागतो. मिनलनं कूलरसमोर वहीचा कागद धरला. कागद उडाला नाही, उलट जाळीला जाऊन घट्ट चिकटला. बघ, म्हटलं, काय ताकद आहे! पडदाही तसाच चिकटून बसतो. अश्विनच्या कूलरनं कधी पडदा असा धरला होता?

खोली अजून थंड झालेली नाही. 'अजून' हा शब्द महत्त्वाचा.

बाबांना विचारलं, कसं वाटते? म्हणाले, हाये, थंड हाये. कपाळावर घाम होता. अशक्तपणा असेल.

शनिवार, १९ एप्रिल

प्रशिकभाऊ आज गेटवर थांबले. इतकी वर्षं शेजारी राहतो, इतक्या प्रेमानं कधी बोलले नव्हते. म्हणाले, सुशीलभाऊ, तुमच्या कूलरनं मजा आणली बॉ. मी विचारलं, आवाजाचा त्रास तर नाही ना? म्हणाले, छे छे, दिवसभर चालू ठेवा, बंद काहून करता?

कंपाउंडजवळ, आमच्या खिडकीखालीच, त्यांनी दोन खाटा टाकल्या आहेत. संध्याकाळी गप्पांचा आवाज येतो. लोक चांगल्या कामाच्या आसपास गोळा होतात, हे खरंच आहे.

दिपाली आणि मिनल वर एसीत झोपतात. मी बाबांच्या खोलीत खाली गादी टाकून. मला घाम येतो, पण तो माझा जुना प्रॉब्लेम आहे.

बुधवार, २३ एप्रिल

फिजिओथेरपिस्ट खूश. म्हणाला, काकाजींचा गुडघा अपेक्षेपेक्षा पुष्कळ पुढे आहे, दिवसभर वॉकर घेऊन भरपूर चालत असतील. मी म्हटलं, खोलीतलं वातावरण. तो रुमालानं मान पुसत कूलरकडे बघत राहिला.

बाबांनी गावाचं नाव काढलेलं नाही. गुरुवारही गेला, कोणी गाडी मागवली नाही. मी ऑफिसातून येतो तेव्हा ते पलंगावर शांत बसलेले असतात. चेहरा तजेलदार. मी विचारतो, दुपारी झोप लागली? म्हणतात, मस्त. दिपाली का कुणास ठाऊक लगेच पोळ्या लाटायला वळते.

वेदिका मॅडमना ईमेल केला. सोबत कूलरसमोर उभा असलेला माझा फोटो. विषयाच्या जागी लिहिलं, अजून ते आत्ता. त्यांचं उत्तर आलं: इन्स्पायरिंग! पुढच्या बॅचला माझी स्टोरी सांगणार म्हणाल्या. डिपार्टमेंटमध्ये दोघांना सांगितलं की यंदा त्यांचाही कूलर मी बघून देईन.

मंगळवार, २९ एप्रिल, संध्याकाळी ६

लिहू की नको, असं झालंय.

ऑफिसात जनरेटर बंद पडला, दुपारीच सोडलं. घरी आलो. बाबांचा पलंग रिकामा. बाथरूम रिकामं. दिपाली शाळेत शिकवते, ती अजून आलेली नव्हती. मिनलला वर हाक मारली तर तिनं खिडकीतून नुसतं बाजूला बोट दाखवलं.

मेश्रामांच्या अंगणात, आमच्या खिडकीखाली, खाटेवर बाबा गाढ झोपलेले. धोतराचा सोगा हवेनं फडफडतोय. वॉकर बाजूला. दुसऱ्या खाटेवर प्रशिकभाऊ पेपर तोंडावर घेऊन आडवे. नंदिनीताई आणि आणखी दोघी जमिनीवर बसून वाळवणाचे सरगुंडे वळतायत. नंदिनीताई म्हणाल्या, या ना भाऊजी, बसा, मस्त थंडी हवा येऊन राहिली. काकाजी त रोज येते. सांगत राहते सगळ्यायले, माह्या पोराच्या हातचा कूलर हाये.

बसलो. हवा थंडगार होती. वाळ्याचा वासही होता. माझाच कूलर खोलीतली हवा ओढून बाहेर, मेश्रामांच्या अंगणात फेकत होता. पंखा उलटा फिरत होता. पहिल्या दिवसापासून.

बाबा जागे झाले, मला पाहून दचकले. म्हणाले, नाही गा, खोली थंडच हाये. पण तिथं एकट्याले करमत नाही म्हणून इकडे येतो. आणि माझ्याकडे न बघता टोपी झटकायला लागले.

बाबांना खोटं बोलता येत नाही. आजवर माझ्यासाठी कधी बोललेही नव्हते. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नाही. आणि इतकं प्रेमही आलं नाही त्यांच्याबद्दल.

रात्री ९

दिपालीला सगळं माहीत होतं. बाबांनीच तिला सांगितलं होतं, सुशीलले बोलू नको वं, पोराचं मन मोडते. मी तिच्यावर चिडलो. मग ती हसायला लागली, आणि मीही. पण मला हसायला जरा वेळ लागला.

बुधवार, ३० एप्रिल

नाश्त्याच्या वेळी जाहीर केलं: अश्विनला बोलावतो. मिनलनं लगेच अश्विनचा नंबर समोर धरला, त्यावरून सगळ्यांना आनंद झालाय हे कळलं. बाबा म्हणाले, आता राहू दे, काहून खर्च करतं? पण आवाजात दम नव्हता.

अश्विन म्हणाला, सीझन आहे साहेब, शनिवारी येतो.

डिपार्टमेंटमधल्या त्या दोघांना सांगितलं की माझी पाठ धरली आहे.

शनिवार, ३ मे

दिपाली आणि मिनल बाबांना घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. अश्विन येणार म्हणून मी घरी थांबलो. साडेअकराला त्याचा फोन. दुसरीकडे अडकला, आता मंगळवारच.

पलंगावर बसून कूलरकडे बघत राहिलो. मग प्लग काढला आणि झाकण उघडलं. अजून-बिजून काही मनात आलं नाही. चुकून चुकून काय चुकेल, उलटा तर आहेच. कंडेन्सरच्या त्या दोन वायरी काढल्या, एकीच्या जागी दुसरी लावली, टेप गुंडाळला. बटण दाबलं.

भिंतीवरचं कॅलेंडर उडालं. पडदा जाळीपासून सुटून थेट माझ्या तोंडावर. हवा! थंड, ओली, खोलीभर. शर्टाची बटणं उघडून कूलरसमोर उभा राहिलो, वेड्यासारखा. बाहेरून नंदिनीताईंचा आवाज आला, अहो, लाइन गेली का? त्यांना काही सांगवेना.

ठरवलं, आल्यावर काही बोलायचं नाही. बाबांनाच कळू दे.

दीडला तिघं आले. डॉक्टर खूश आहेत, अजून पंधरा दिवस व्यायाम केला की काठीसुद्धा नको म्हणाले. बाबा खोलीत आले, पलंगावर बसले. टोपी काढली. हवा त्यांच्या अंगावर आली तसे डोळे मिटले. गावाला जायचं आता नाव काढणार नाहीत, हे मला दारातूनच दिसलं. मी वाट बघत उभा.

मग म्हणाले, वा! याले म्हणतात काम. हात हाये गा या अश्विनचा, मानलं त्याले. इतक्या उन्हाचा आला बिचारा. त्याले चहा तरी पाजला का?

तोंड उघडलं होतं. दिपाली माझ्याकडे बघत होती. बाबांनी पाय वर घेतले, कुशीवर वळले, हवा पाठीवर घेतली.

मी म्हटलं, हो, पाजतो. म्हणजे, पाजला.

मग स्वयंपाकघरात गेलो आणि कूलर लावणाऱ्यासाठी एक कप चहा ठेवला.