लाल डोळ्यांचं कारण

शिर्डी, एप्रिल

प्रिय आई,
तुला आणि दादांना वाकून नमस्कार.

व्हिडिओ कॉलवर तू नुसती माझे डोळे बघतेस आणि “रडलीस व्हय गं?” म्हणतेस. माझं ऐकतच नाहीस, म्हणून लिहितेय. मी रडत नाही. हॉटेलच्या काउंटरवर एसीचा वारा थेट तोंडावर येतो, आणि कुणी दार उघडलं की बाहेरची झळ. त्यात कॉम्प्युटरकडे बघताना पापणी लवायची राहून जाते. मग लेन्स सुकते, डोळ्यात खुपते आणि समोरचं पुसट होतं. आपल्याकडे भाताच्या आवणीला दिवसभर चिखलात असायचे, तेव्हा लेन्स डोळ्यात आहे हेसुद्धा आठवायचं नाही. तिथली हवाच ओली.

डॉक्टरांनी थेंब दिलेत आणि चष्मा लावायला सांगितलंय. तू पाठवलेलं एरंडेलाचं काजळ डोळ्यात घालत नाही, पण रोज कानामागे लावते.

दादांचा खोकला कमी आहे का? खरं सांग.

चष्म्यामुळे स्थळ मोडू नये म्हणून तू लेन्स घेऊन दिलीस, माहीत आहे मला. पण पुढच्या महिन्यात पाहुणे येतील तेव्हा मी चष्म्यातच बसणार. रागावू नकोस. मलाही मुलगा नीट दिसायला हवा ना.

तुझीच,
मोनाली