बेचाळीस उत्तरपत्रिका आणि एक सही

मी, खाली सही करणार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, निवृत्त प्राध्यापक व एका सरकारी विद्यापीठाचा माजी कुलगुरू, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांनी परवा तपासून माझी स्मरणशक्ती शाबूत असल्याचा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. ती थोडी बिघडली असती तर बरे झाले असते, असे मला पुष्कळदा वाटते. माझ्यावर कुणाचेही दडपण नाही. पत्नीचे टोचून बोलणे कायद्याने दडपणात मोडत नाही, हे वकिलांना विचारून घेतले आहे. याआधीची दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत मी फारच थोर माणूस दिसतो.

१. राहते घर पत्नीच्या नावे राहील, तिच्या पश्चात मुलगा व मुलगी यांना सारख्या हिश्श्याने. स्वयंपाकघरातील खिडकी नीट लागत नाही. ती दुरुस्त करून देतो असे मी नऊ वर्षे म्हणत आलो. आता ते काम मुलाने करावे आणि त्याने तरी नुसते म्हणू नये.

२. पुस्तके मुलीला. ती शिकवते, तिच्या उपयोगी पडतील. विद्यापीठाने छापलेल्या माझ्या भाषणांच्या उरलेल्या प्रती मात्र रद्दीत घालाव्यात. त्यात पारदर्शक कारभारावर तीन भाषणे आहेत. ती चाळली तरी मला घाम फुटतो.

३. माझ्यानंतर आलेल्या कुलगुरूंनी माझा फोटो बैठकीच्या दालनातून काढून झेरॉक्स मशीनच्या वर टांगला. त्याबद्दल मी त्यांच्याशी सहा वर्षे बोललो नाही. तो आकस मी येथे सोडून देत आहे. फोटो तेथेच असू द्यावा, पुढचे वाचल्यावर तो तेथेही जास्तच वाटेल.

४. माझ्या कपाटात, खालच्या कप्प्यात, दीक्षांत समारंभाच्या झग्याची पेटी आहे. तिच्यात बेचाळीस उत्तरपत्रिकांचे एक बंडल आहे. ते माझे नाही. त्याची हकीकत अशी.

कुलगुरू झाल्यावरही मी पेपर तपासत असे आणि ते चारचौघांत सांगतही असे. परीक्षा विभागाच्या हेडक्लार्कना सगळे शिक्केबुवा म्हणत. घरून आणलेल्या डब्यावरही ते आवक-जावकचा शिक्का मारतील, अशी त्यांची चेष्टा चाले. बंडल बाहेर जाताना ते नोंदवहीत सही घेत, समोर कोण आहे हे न बघता. त्या दिवशी त्यांनी माझ्यापुढेही वही धरली. मी हसून म्हणालो, "काय हो, कुलगुरू पेपर घेऊन पळून जाणार आहे का?" दालनातले सगळे हसले. त्यांनी वही मिटली. सहीची जागा कोरी राहिली.

निकालाच्या वेळी बंडल सापडेना. शिक्केबुवा एकच सांगत राहिले, "साहेबांकडे दिलंय." मी चौकशी समिती नेमली. तिच्यातल्या तिघांचीही माझ्याकडे काही ना काही कामे अडलेली होती. मी समितीपुढे सांगितले की बंडल मी तपासून शिपायाबरोबर परत पाठवले. तेव्हा मला ते खरेच वाटत होते. मग मी विचारले, "माझ्याकडे दिलं म्हणता, तर माझी सही दाखवा." ती कशी दाखवणार? त्यांची बढती थांबली, शिक्का काढून घेतला आणि कोऱ्या उत्तरपत्रिकांच्या तळघरात बदली झाली. बेचाळीस मुलांना इतर पेपरांची सरासरी काढून गुण दिले गेले.

मी निवृत्त झालो त्या वर्षी मुलीने कॉलेजच्या नाटकासाठी झगा मागितला. पेटी उघडली, तर झग्याखाली बंडल. मग आठवले. माझ्या शेवटच्या दीक्षांत समारंभाला उशीर झाला होता, गाडी दारात उभी होती, आणि हात मोकळे हवेत म्हणून मीच ते पेटीत ठेवले होते.

शिक्केबुवांची तळघरातली चार वर्षे तेव्हा बाकी होती. एक फोन पुरला असता. मी पेटी बंद केली आणि मुलीला सांगितले की झग्याला कसर लागली आहे. बंडल हरवले ती चूक होती. सापडल्यावर गप्प बसलो ते मात्र पूर्ण शुद्धीत, आजच्याइतक्याच शाबूत डोक्याने. पुढे घरात कुणी नसताना ते पेपर मी तपासलेही. एका पेपराला अठ्ठ्याऐंशी पडत होते, सरासरीने एकसष्ट मिळाले होते. तो नंबर कुणाचा, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

माझ्या मृत्यूनंतर हे बंडल व हा कबुलीजबाब विद्यापीठाकडे द्यावा.

५. माझ्या बचतीचा अर्धा भाग शिक्केबुवांना द्यावा.

(वरील दोन कलमे लिहून झाल्यावर मी पत्नीला वाचून दाखवली. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, मेल्यावर खरं बोलायला काय जातंय? तेव्हा तुम्हाला कोण विचारायला येणार आहे?" मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. मग शिक्केबुवांना फोन केला. पुढचे आज लिहीत आहे.)

६. शिक्केबुवा आज तीन वाजता आले. थकले आहेत, पण शर्टाच्या खिशात दोन पेने अजून आहेत. मी तोंडाने सांगू लागलो, ती सारवासारव वाटू लागली, म्हणून हेच कागद पुढे केले. त्यांनी चष्मा पुसून सगळे वाचले, डॉक्टरांच्या दाखल्यासकट.

मग म्हणाले, "पाचवं कलम काढून टाका."

"मग तुम्हाला काय देऊ?"

"काही नको. माझी बायको गेली तोवर तिला वाटत होतं की माझ्याच हातून कुठंतरी गफलत झाली असणार. मला तसं बोलली नाही कधी. पण वाटत होतं. तिला काय देणार तुम्ही?"

मी रडलो, हे येथे लिहून ठेवतो. त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला, पण समजूत घातली नाही.

नंतर त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. नोंदवहीच्या त्या पानाची झेरॉक्स, घड्यांवर चिकटपट्टी लावलेली. बंडल क्रमांक, संख्या बेचाळीस, कुणाकडे दिले, सगळे त्यांच्या ठसठशीत अक्षरात. शेवटचा रकाना कोरा.

"इथं सही करा."

मी पेन घेतले. "तारीख कुठली घालू?"

"आजची. मागची तारीख घालायची आपल्याकडे पद्धत नाही."

मी सही केली. त्यांनी ती निरखून पाहिली, कागद घडी करून खिशात ठेवला आणि उठता उठता विचारले, "साक्षीदार लागतील ना तुम्हाला?" मी म्हणालो, एक साक्षीदार म्हणून डॉक्टर पाच वाजता येणार आहेत, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. ते म्हणाले, "म्हणूनच."

७. सबब कलम पाच रद्द. कलम चार माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. उद्या अकरा वाजता बंडल घेऊन आम्ही दोघे विद्यापीठात जाणार आहोत. पेटी मी उचलीन. त्या एकसष्टवाल्या नंबराचा शोध मी स्वतः घेईन, आणि तेवढे आयुष्य उरले नाही तर मुलीने घ्यावा.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी खाली सही केली आहे.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ११ मार्च, दुपारी सव्वापाच

सही: (माजी कुलगुरू)

साक्षीदार १: (घरचे डॉक्टर) लिहून देणार शुद्धीवर आहेत.

साक्षीदार २: (निवृत्त हेडक्लार्क, परीक्षा विभाग) लिहून देणार यांनी माझ्यासमोर सही केली. मी वहीचे पान पुढे धरले होते, या वेळी सहीआधी मिटले नाही.