लहान बेटावरचा ठिपका

१४ नोव्हेंबर १९८८, शिरपूर
आज कॉलेजात रुजू झाले. भूगोलाची प्रयोगशाळा माझ्या ताब्यात आली. खोली ऐसपैस आहे, खिडकीतून सातपुडा निळा दिसतो. शिपाई झुंबरबाईंनी चहासोबत शेव दिली. कपाटामागे १९५२ सालचा स्थलदर्शक नकाशा सापडला. कुठल्याशा थंड समुद्रातली खडकाळ बेटं, कड्यांवर समोच्च रेषांची दाटी. असला देखणा नकाशा गुंडाळून का ठेवला होता कोण जाणे. भिंतीवर लावला.

१६ नोव्हेंबर
झुंबरबाई नकाशा उतरवा म्हणाल्या. माझ्या आधीचे रतिलालसर गेल्या वर्षी भर दुपारी या खोलीत शिरले ते बाहेर आलेच नाहीत. दुसरीबरोबर पळाले, असं गाव म्हणतं. मला हसू आलं, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "ताई, त्यामा माणूस शे."
नकाशात कसला माणूस असणार! नकाशा तिथेच राहील, असं मी सांगितलं.

१९ नोव्हेंबर
कालपासून भिंगातून पाहतेय. सर्वांत लहान बेटावर एक काळा ठिपका आहे. काल तो कड्यावर होता, आज किनाऱ्याशी. कागदाला खारट वास येतो. सरांच्या पत्नी बेबाबाईंना बोलावून भिंग दिलं. त्या बराच वेळ वाकून पाहत राहिल्या.
"हेच आहेत ते," एवढंच म्हणाल्या. रडल्या नाहीत.

२१ नोव्हेंबर
ठिपका पळतोय. त्याच्यामागे कड्यावरून काहीतरी उतरतंय. समोच्च रेषाच सुटून एकमेकींत गुंतल्यात, चालतायत. झुंबरबाई म्हणतात, जाळून टाका. मग सरांचं काय? प्राचार्य म्हणतात, रजा घ्या. नाही घेणार. मला नकाशा काढता येतो. वाटही काढता येईल.

२२ नोव्हेंबर, दुपार
काळ्या शाईने बेटापासून कागदाच्या कडेपर्यंत पूल आखला. ठिपका पुलावर आला — भिंत ओली झाली —
हात बाहेर आला. बेबाबाईंनी धरला. आम्ही दोघींनी ओढलं.

सर आले. जिवंत आहेत. बेबाबाई त्यांना बाहेर घेऊन गेल्या.

मागचंही पुलावर आलंय. शाई वाळली, पुसली जात नाही. बाहेरून बेबाबाई आणि झुंबरबाई हाका मारतायत, निघा म्हणून. दार मीच आतून लावलं. ते गावात जाणार नाही. ब्लेडने पूल खरवडतेय — अर्धा गेला —

थंड. त्यानं माझं मनगट धरलंय. ब्लेड अजून माझ्याच हातात आहे. ही खोली माझी आहे, तू इथे —