काचेवरचा सरस

आप्पा, प्रयोगशाळेत लाल दिवा लावला की मला तुमचा डावा हात आठवतो. तलवाड्याच्या बाजारात आपला फोटो स्टुडिओ होता, मागे काळा पडदा लावून केलेली डार्करूम, आणि तिथली सगळी कामं तुम्ही एकट्या उजव्या हातानं करायचात. चिमट्यानं कागद उचलायचा, ट्रेमध्ये हलवायचा, दोरीला टांगायचा. डावा हात पँटच्या खिशात. लोक चेष्टा करायचे, "आप्पा सायेब झाले, खिशातला हात काढंनात." मी विचारलं की तुमचं ठरलेलं उत्तर, "केमिकल हाय." मग उजव्या हाताला लागत नाही का, असं विचारलं की हसून म्हणायचात, "लई इचारतीस. इचारत जा." उत्तर मात्र द्यायचा नाहीत.

तेच विचारणं पुढं माझ्या पोटापाण्याच्या कामी आलं. बीडच्या कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवते आणि मोकळ्या वेळात रंग वेगळे करणाऱ्या काचा बनवते. कपिलधारच्या यात्रेत तुम्ही धबधब्याच्या तुषारांत सात रंग दाखवले होते आणि मी विचारलं होतं, यातला एकच बाजूला काढता येईल का. येतो, आप्पा. काचेवर जिलेटिनचा पातळ थर द्यायचा, त्यात असं रसायन मिसळायचं की थराला उजेड कळू लागतो. लाल उजेड तेवढा त्याला कळत नाही, तुमच्या कागदासारखाच. मग लेझरच्या एका किरणाचे दोन करून ते थरावर पुन्हा एकमेकांना भेटवायचे. उजेड जास्त पडतो तिथं थर घट्ट होतो, आणि आत इतक्या बारीक रेघा तयार होतात की डोळ्याला दिसतच नाहीत. पाण्यातून काढून, स्पिरिटनं वाळवून काच उन्हात तिरकी धरली की लाल रंग एकीकडे वळतो, बाकीचा उजेड सरळ निघून जातो. काच थोडी कलती केली की लालच्या जागी हिरवा. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी तासाला जायचं सोडून ती काच घेऊन व्हरांड्यात पळाले होते.

हल्ली थर ढगाळ यायला लागला म्हणून आज दुपारी रसायनशास्त्राच्या सरांना दाखवला. ते म्हणाले, "जिलेटिन बदलून बघा, मॅडम. शेवटी सरसच की तो, शुद्ध केलेला. जनावरांची हाडं, कातडी. प्रत्येक डब्याचा गुण वेगळा." इतकं विचारणारी मी, हे कधी विचारलंच नव्हतं. फोटोच्या कागदावर हाच थर असतो, एवढं मला ठाऊक होतं. घरी येईपर्यंत दोन्ही गोष्टी आपोआप जुळल्या. आपण लिंगायत माणसं, मांस-हाडाला न शिवणारी. रोज सकाळी आंघोळ करून तुम्ही गळ्यातलं इष्टलिंग सोडायचात आणि पूजेसाठी डाव्या तळहातावर घ्यायचात. म्हणून तो हात खिशात. तुम्हाला माहीत होतं.

मला तुमचा केवढा अभिमान वाटला, सांगू? आई ज्वारी निवडत बसली होती. तिला विचारलं, "आप्पा वाळलेले फोटो तरी दोन्ही हातांनी धरायचे का गं?"

"न्हाई. फोटोच्या कडा कापायला दोन हात लागतेत ना. लग्न झाल्या झाल्या कात्री माज्या हाती दिली. तवापासून समदे फोटो म्याच कापले."

अभिमान तिथंच उतरला. आईच्याही गळ्यात लिंग आहे, आप्पा. तीही रोज ते डाव्या तळहातावर घेते. तुमचा हात वाचला, आणि तिचा? मला तुमचा राग आला. सकाळी तुम्ही दोघं शेजारी बसून पूजा करायचात, तेव्हा तुमची नजर तिच्या हाताकडे जात नव्हती का? घर स्टुडिओवरच चालायचं आणि कापायला दुसरं कुणी नव्हतं, हे मला समजतं. पण सांगता तर आलं असतं. की तुमचा हिशेब असा होता की ज्याला माहीत आहे त्याचाच हात बाटतो, आणि न सांगून तुम्ही तिचा हात स्वच्छ ठेवत होता? मला हे खरोखर जाणून घ्यायचं आहे, आणि विचारायला आता तुम्ही नाहीत.

इथवर काल लिहिलं होतं. हे आईला वाचून दाखवायचं आणि मग तुमच्या फोटोमागं ठेवायचं, असं ठरवलं होतं. तिला सगळं कळायला हवं, तो तिचा हक्क आहे, असं स्वतःला बजावून मी सकाळी तिच्याजवळ जाऊन बसले. तिची पूजा चालली होती. डाव्या तळहातावर लिंग, त्यावर बेलाचं पान, डोळे मिटलेले. हाताला सुरकुत्या पडल्यात, पण लिंग धरताना तो जरासुद्धा हलत नाही. पूजा आटोपून तिनं लिंग पुन्हा गळ्यात बांधलं आणि माझ्याकडे वळली.

"काल फोटोचं कावून इचारीत व्हतीस गं? काय असतंय त्यात?"

पत्र माझ्या हातात होतं.

"केमिकल हाय, आई," मी म्हटलं.

आता तुमच्यावर रागवायचं तरी कुठल्या तोंडानं, आप्पा.