फीला वर्गणी म्हणाले

११ जानेवारी, रविवार

नांदेडहून आत्ता आले. एस.टी.त पूर्ण वेळ उभी. पाय गरम पाण्यात घालून बसावं वाटलं, पण आपल्या लातुरात सध्या प्यायला मिळालं तरी देव पावला.

सभा चांगली झाली. मुंबईहून नर्सिंग कौन्सिलच्या बाई आल्या होत्या. आम्ही नर्सबाया ठरावीक वर्षांनी नोंदणी नवी करतो, त्याची फी वाढवायची म्हणतात. त्या पैशातून तपासनीस नेमणार, तक्रारी ऐकायला समिती बसवणार. हॉलमध्ये कुजबुज. दुष्काळाचं साल आणि फीवाढ! बोलायला कुणीच उठेना. मग मी उठले. नव्या जिल्ह्याच्या नव्या संघटनेची नवीकोरी सचिव, गप्प कशी बसणार. देगलूरचं सांगितलं. खासगी दवाखान्यातली आया पांढरी साडी नेसून सिस्टर झाली. टेस्ट न करता पेनिसिलिन टोचलं, पोरगी गेली. तक्रार केली तर उत्तर आलं, तपासायला माणूस नाही. म्हटलं, नसेल तर नेमा, फी आम्ही देतो. टाळ्या पडल्या.

ती पोरगी प्रयागच्या मावसबहिणीची. प्रयाग नि मी नांदेडला ट्रेनिंगला एका खोलीत होतो. तक्रार तिनंच लिहिली होती. तिला रजा मिळाली नाही म्हणून तिच्या वाटचंही मीच बोलले. ती असायला हवी होती.

५ फेब्रुवारी

फीवाढ लागू झाली. मार्चअखेर मुदत. प्रत्येक तालुक्याला एक सिस्टर नेमली. तिनं गोळा करायचं, मी एकत्र ड्राफ्ट काढून मुंबईला पाठवायचा. चाकूरला प्रयाग. तिथली काळजी मिटली.

८ फेब्रुवारी, रविवार

मुरुडला गेले. सहा-सात जणी जमल्या. फी म्हटलं की तोंडं वाकडी. एक जुनी सिस्टर म्हणाली, "पगार वाढंना, अन् फी मातर वाढून राहिली." मग सुचलं. म्हटलं, फी म्हणूच नका गं. वर्गणी समजा. जयंतीला देतो, गणपतीला देतो, तशी आपल्या पेशाची वर्गणी. लगेच तोंडं सैल झाली. पिशव्या उघडल्या.

जेवताना यांना सांगितलं. हे मास्तर, शब्दात खुसपट काढल्याशिवाय घास उतरत नाही. "वर्गणी खुशीची असते, फी खुशीची नसते," म्हणे. मी म्हटलं, तुम्ही वह्या तपासा, मी बाया सांभाळते.

२२ फेब्रुवारी

चाकूर. तिथंही वर्गणी म्हणूनच सांगितलं, पाच मिनिटात काम. हा शब्द आधीच का सुचला नाही!

पाण्याची तिथं फारच दशा. लेबर रूममध्ये हात धुवायला एक मग. बाळंतिणीच्या नवऱ्याला सांगतात, आधी घागर आण, मग बाईला घेऊन ये. प्रयाग सगळं निभावते, वर तोंडानं टकळी चालू.

नव्या जिल्ह्याला कायम जागा निघाल्यात, त्यात तिनं अर्ज केलाय. इतकी वर्षं तात्पुरत्या ऑर्डरींवर काढली. दर वेळी मुदत संपली की घरी, परत ऑर्डर आली की हजर. यंदा वयाची मर्यादा संपते. म्हणाली, "शांते, हे हुकलं तर मी म्हातारपणी बी टेम्परवारीच." हसून म्हणाली, पण हातातला किडनी ट्रे उगाच पुसत राहिली.

२८ मार्च

सगळ्या तालुक्यांचं आलं, चाकूरचं नाही. आज कंडक्टरच्या हाती प्रयागचा निरोप. "चाकूरची वर्गणी कारणी लागली, घोर करू नको." म्हणजे तिनं परस्पर मनिऑर्डर केली. शहाणी आहे. ड्राफ्ट पाठवून मोकळी झाले.

१४ एप्रिल

आमच्या वस्तीत यंदा जयंतीला लाऊडस्पीकर नाही, मंडप नाही. सगळी वर्गणी हौदाला. सकाळी वंदना झाली नि लगेच टँकर आला, हौद भरला. दुष्काळाच्या साली वर्गणी पाण्यालाच जाते, हे आपल्याकडं कुणी शिकवावं लागत नाही. म्हाताऱ्या हौदाला हात लावून बघत होत्या. मला फार बरं वाटलं.

२६ एप्रिल

चाकूरला जायला नको होतं. नाही, आधीच जायला हवं होतं.

प्रयागनं हाताला धरून लेबर रूमच्या मागं नेलं. लोखंडी टाकी, नळ बसवलेला. तिनं नळ सोडून दाखवला. "बघ. दर चार दिसाला सरकारी टँकर. आता कुणाला घागर मागत न्हाई मी." मी विचारलं, पैसे कुणी दिले? ती माझ्याकडं बघतच राहिली. "वर्गणी की. तूच सांगून गेलतीस न्हाई का. सगळ्याजणींना विचारलं, सगळ्या हाव म्हणल्या."

मी तिथंच टाकीला टेकून बसले. ती विचारते, काय झालं, चक्कर आली का. मी सांगितलं. प्रयाग, ती फी होती. तिनं नळ बंद केला. मग म्हणाली, "फी होती तर फी म्हणायचं."



३० एप्रिल

माझ्या खिशातून चाकूरच्या पाचहीजणींची फी ड्राफ्टनं पाठवली. सोबत उशिराबद्दल माफीचा लांबलचक अर्ज. आमच्या हॉस्पिटलच्या मॅट्रनबाईंना विचारलं, काय होईल? "उशिराच्या फीचं जमतं. पण गोळा केलेले पैसे दुसरीकडं गेले, हे कुणी लिहून पाठवलं तर जमणार नाही." मी म्हटलं, कोण लिहिणार?

१० मे

तपासनीस बाई आल्या. नव्या फीतून नेमलेल्या पहिल्याच. आधी देगलूरला गेल्या. ती आया पांढऱ्या साडीत सापडली, प्रमाणपत्र दाखव म्हटल्यावर मागच्या दारानं पळाली. दवाखान्याच्या डॉक्टरला नोटीस. प्रयागच्या मावसबहिणीनं तपासनीस बाईंचे पाय धरले म्हणतात. इतके दिवस ज्याची वाट बघितली ते झालं, आणि मला आनंद होईना.

कारण परतताना बाई चाकूरला थांबल्या. टाकी चांगली आहे म्हणाल्या, कुणी दिली विचारलं. प्रयागनं सांगून टाकलं. ती खोटं बोलतच नाही, बोलली तरी लगेच चेहऱ्यावर दिसतं. बाईंनी लिहून घेतलं.

२३ मे

प्रयागची निवड झाली! लातूरलाच, कायम. पत्राखाली एक ओळ, वीस जूनपर्यंत चालू नोंदणीसह हजर व्हावे.

कौन्सिलचंही पत्र आलं. बाकी चौघींची नोंदणी उशिराची फी घेऊन चालू. प्रयागची थांबवली. आरोप असा की नूतनीकरणासाठी जमा झालेली फी तिनं दुसरीकडं वापरली. अफरातफर हा शब्द आहे पत्रात. समितीसमोर नांदेडला हजर राहा. मलाही साक्षीला बोलावणं.

ती समिती. मीच हात वर करून मागितलेली.

यांनी पत्र दोनदा वाचलं. 'मी तेव्हाच सांगितलं होतं' असं काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. नुसतं म्हणाले, "तू वर्गणी म्हणालीस एवढं सांग. वर्गणी सगळ्यांच्या संमतीनं पाण्याला लावली तर ती अफरातफर होत नाही." खरं आहे. मग दोष माझा. सचिवपद जाईल, माझ्या नोंदणीवरही शेरा बसेल. बसू दे. तोंड माझं सुटलं होतं, तिचं नाही.

७ जून

प्रयाग घरी आली. तिला सांगितलं, मी सगळं माझ्यावर घेणार. वाटलं, बरं वाटेल तिला. ती म्हणाली, "एक सांगू? रागावू नको. मला शंका आलती. एवढी थोरली वर्गणी कुठं असती का. तुला चिठ्ठी टाकून विचारणार होते."

मग का नाही विचारलंस?

"कारण तू फी म्हणली असतीस. अन् त्या आठवड्यात एकीला ताप भरलता, बाळंतपणानंतर. हात धुवायला पाणी नव्हतं. मला उत्तर नको होतं, पाणी पायजे होतं."

ती बाई वाचली का, मी विचारलं. वाचली म्हणाली. मग आम्ही दोघींनी भाकरी खाल्ली. मी तिला म्हटलं, हे शंकेचं कुठं बोलू नको. ती काहीच म्हणाली नाही. मी ते हो समजले.

१२ जून

नांदेड. एकेकीला आत बोलावलं. आधी मी.

तीन जण. मधल्या बाई त्याच, जानेवारीच्या सभेतल्या. ओळखलं मला. "फीवाढीला तुम्हीच पाठिंबा दिला होता ना?" हो. "मग वर्गणी का म्हणालात?" सांगितलं, मुरुडला बायांची तोंडं बघून. शब्द माझा, चूक माझी, प्रयागनं वर्गणीचं जे करतात तेच केलं. त्या सगळं लिहून घेत होत्या. मग मान वर करून विचारलं, "प्रयागबाईंना ही फी असेल अशी शंका कधी आली होती का?"

मी नाही म्हणाले. विचारसुद्धा न करता लगेच म्हणाले. देगलूरच्या पोरीसाठी ज्या खुर्च्या मांडा म्हणून ओरडले, त्याच खुर्च्यांसमोर पहिलं खोटं मीच बोलले. आत्ता लिहिताना लाज वाटते. पण परत विचारलं तरी बहुतेक नाहीच म्हणेन.

बाहेर आले तर प्रयागला आत बोलावलं होतं. दारात माझ्याकडं बघून हसली. दुपारची ड्यूटी, थांबता येईना, गाडी पकडली. ती तिकडूनच देगलूरला घरी जाणार होती.

१९ जून

निकाल नाही. उद्या शेवटची तारीख.

प्रयाग सकाळीच ट्रंक घेऊन दारात. निकाल चांगला लागला तर उद्या इथूनच हजर होईन म्हणाली. इस्त्रीची पांढरी साडी खुंटीला लावून ठेवली. चहा टाकला. तिनं विचारलं, "त्या लोकांनी तुला काय विचारलं?" मी सांगितलं सगळं. शेवटी, शंकेचं विचारलं तेही सांगितलं.

"मग तू काय म्हणलीस?"

नाही म्हणाले.

प्रयागनं कप खाली ठेवला. म्हणाली, "शांते, मी हाव म्हणले."

म्हणजे एकाच प्रश्नाला दोघींची दोन उत्तरं, त्यांच्या कागदावर. मी म्हटलं, तुला सांगितलं होतं ना बोलू नको म्हणून. ती म्हणाली, "त्या पोरीच्या तक्रारीत मी लिहिलं होतं, शपथेवर सांगते. त्याच लोकांसमोर आता कसं खोटं बोलणार होते मी?" मग थोड्या वेळानं, "तू नाही म्हणशील असं मला वाटलंच न्हाई. तू कधी खोटं बोलत न्हाईस."

मला रागच आला तिचा. मग रडू आलं. मग तिलाही. साखर न घालता केलेला चहा दोघींनी तसाच पिऊन टाकला.

निकालाचं पत्र संघटनेच्या, म्हणजे माझ्याच पत्त्यावर येणार. टपाल दुपारी येतं. मला ड्यूटीला जावं लागेल. ती म्हणाली, तू जा, मी बसते दारात.