दिवाळी पहाटेचा दुसरा चेलो

६ ऑक्टो., सोम.
चेलोच्या शिकवणीचा आठवा महिना. बोटं आता तारांवर सोलवटत नाहीत. गज मात्र अजून किंचाळतो. वानखेडे सरांनी तीस वर्षं मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदात चेलो वाजवला. इथं वर्ध्यात त्यांची मी एकटी विद्यार्थिनी. माझं वय ५२. आज म्हणाले, "दिवाळी पहाटेले माह्या बाजूले बसजा. दोन गाणी."
बेसूर झालं तर?
"होऊ द्या, ताई. बेसूर चालते. खोटं चालत नाई."
पेपरच्या ऑफिसात, माझ्या संपादनाच्या डेस्कसमोर टाचून ठेवावं असं वाक्य.

११ ऑक्टो.
गावी, आंजीला, बाबांना फोन. बाबा ८४, कान मंद झालेत. तरी म्हणाले, "येतो. पह्यल्या लाइनीत बसतो. तुहा वाजा ऐकाचाच हाय मले."

२० ऑक्टो., सोम.
पहाटे पाचला मंडपात. स्टेजमागे सरांनी माझा गज मागून घेतला. राळेशिवाय गजाचे केस तारेला धरत नाहीत, आवाज निघत नाही. "द्या, राळ मी लावतो. तुम्ही तोवर तारा जुळवा." दोन्ही गाणी झाली. तबला, पेटी, स्पीकर... स्वतःचं काही ऐकू येईना. पण गज लोण्यातून फिरल्यासारखा. एकदाही किंचाळला नाही!
बाबा समोर, कानामागे हात धरून. "मस्त झालं, पोरी," एवढंच म्हणाले. फराळालाही थांबले नाहीत. प्रवासानं थकले असतील.

२१ ऑक्टो.
हौसेनं तीच गाणी घरी वाजवायला बसले. आवाजच नाही. नुसती फसफस. राळ घासली, बसेना. गजाचे केस नाकाशी नेले. साबण. चंदनाचा. सरांच्या मोरीवर असते तीच वडी.

२२ ऑक्टो.
सरांनी नाकारलं नाही. "स्टुडिओत असंच राहे, ताई. नवख्याच्या गजाले साबण. तो दिसते, ऐकू येत नाई. आयोजकाले स्टेजवर दोन चेलो पाह्यजे होते. माह्या गजालेही लावला होता एकानं." सर हसले.
"खोटं चालत नाही म्हणाला होतात."
"ते शिकवणीत."
मी चहा तसाच ठेवून उठले.

२५ ऑक्टो.
गजाचे केस स्पिरिटनं पुसले, वाळवले, राळ धरली. पहिलाच स्वर किंचाळला. बरं वाटलं.
माझा मजकूर कुणी कापला तर वाईट वाटत नाही. सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांचा कापते आहे. पण नाव छापायचं आणि खाली जागा कोरी सोडायची, हे...

२६ ऑक्टो., रवि.
आंजी. ऑटोत आधी चेलो बसला, मग मी. वहिनी दारातच म्हणाली, "बाबांनी दिवाळीपासून रेडिओ नाई लावला. काऊन, ते सांगत नाईत."
ओसरीवर एकच गाणं वाजवलं. तीन ठिकाणी बेसूर. बाबांचा हात कानामागे गेला, मग हळूच खाली आला.
"आज आला आवाज."
चेलोवर हात ठेवून म्हणाले: "त्या दिवशी तुहा हात हालताना दिसे, आवाज येईना. वाटलं, गेले आता कान."
साबणाचं सांगितलं. हसतील वाटलं होतं. हसले नाहीत. "अन् तू जाशीन त्याच्याकडं परत?"
निघताना रेडिओ लागला होता. ऑटोपर्यंत ऐकू येत होता.
वाटेत सरांचा मेसेज: उद्या पाचला येजा.
उत्तर दिलेलं नाही. वर्ध्यात चेलो शिकवणारं दुसरं कुणी नाही.